डाव्या हाताचा अंगठा

पडदा वर जातो तेव्हा समोर माणूस नसतो. दिसतं ते पोस्टाच्या इमारतीचं मागचं अंगण. एका बाजूला सायकली लावायची पत्र्याची शेड, दुसऱ्या बाजूला उंच, बिनखिडकीची भिंत, आणि मधोमध लोखंडी खांबावर ठोकलेली लाकडी फळी. फळीचा रंग कधीच उडून गेलाय, पण तिच्याखालच्या कड्याला लावलेली जाळी मात्र नवीकोरी आहे. पिवळसर सुतळीची जाळी. टपालाच्या थैल्यांची तोंडं बांधायला जी सुतळी वापरतात, तीच ही. उजेड कलायला लागलाय. आतून शिक्क्यांचा आवाज येतोय, ठप् ठप्, ठप् ठप्. मग तो थांबतो. पाळी संपली. मागचं दार करकरतं आणि एक उंच, जरासा पोक काढलेला माणूस बाहेर येतो. काखेत बॉल, खाकी पँट घोट्याच्या वर दुमडलेली, पायात कॅनव्हासचे बूट. बुटांच्या नाड्यासुद्धा सुतळीच्याच.

हा रजिस्टर.

आईबापांनी चांगलं चारचौघांसारखं नाव ठेवलं होतं, पण ते हजेरीपुरतं उरलं. ‘रजिस्टर’ हे बारसं केलं शिक्केवाल्यानं. शिक्केवाला म्हणजे पत्रांवर शिक्के मारणारा त्याचा जुना सोबती, पोस्टाच्या बास्केटबॉल संघातला बुटका खेळाडू आणि जिभेला हाड नसलेला माणूस. तो म्हणायचा, “साधं पत्र पोचलं तर पोचलं. रजिस्टर केलेलं पोचतंच. ह्याचा फ्री थ्रो तसला आहे.”

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच: सगळी पळापळ चाललेली असताना कुणी तुम्हाला धक्का मारला, की शिट्टी वाजते आणि खेळ थांबतो. तुम्हाला कड्यासमोरच्या एका रेघेवर उभं करतात. हातात बॉल देतात. मध्ये कुणी येत नाही, अंगाला कुणी हात लावत नाही, कुणी घाई करत नाही. फक्त टाकायचा. अख्ख्या खेळात याहून सोपं काही नाही, आणि भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं ते नेमकं तिथेच. कारण पळताना तुम्ही दहांतले एक असता. त्या रेघेवर तुम्ही एकटे, प्रकाशात, आणि बाकी सगळं जग अंधारात बसून तुमच्याकडे बघत असतं.

रजिस्टरला याचं काही नव्हतं. रेघेवर आला की तो आधी उजवा तळवा पँटला पुसायचा, मग डावा. बॉलचे दोन टप्पे घ्यायचा. गरम चहावर घालतात तशी हलकी फुंकर मारायचा आणि टाकायचा. बॉल कड्याला शिवतसुद्धा नसे. सुतळीच्या जाळीतून जाताना एक भरदार आवाज यायचा: सुप्. शेडमध्ये सायकलीचं कुलूप काढणारा कुणीतरी मान वर न करताच म्हणायचा, “पोचलं.”

“टाकताना तुझ्या डोक्यात काय असतं रे?” शिक्केवाल्यानं एकदा त्याला विचारलं होतं.

“कधी?”

“टाकताना!”

“काय टाकताना?”

शिक्केवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला. पण रजिस्टर वेड पांघरत नव्हता. त्याला खरोखरच माहीत नव्हतं. खात्याखात्यांच्या सामन्यात एकदा शेवटचा फ्री थ्रो त्याच्याकडे आला होता. अंगणात भिंतीवर, शेडच्या पत्र्यावर, जिथे जागा मिळेल तिथे माणसं चढून बसलेली, नुसता कल्लोळ. यानं बॉल टाकला, सामना जिंकला, लोकांनी खांद्यावर घेतला, आणि खांद्यावरून हा खाली वाकून विचारतोय, “अरे, संध्याकाळच्या गाडीची थैली बांधली का कुणी?” तेवढंच काय ते त्याच्या डोक्यात होतं.

कामावरही तो असाच. त्याच्यासमोर भिंतभर खाने, एकेका गावाच्या पत्रांना एकेक. डाव्या हातात पत्रांची चवड, उजव्या हातानं एकेक पत्र भिरकावायचं. नजर पत्त्यावर, खान्यांकडे बघायचंच नाही. पत्रं आपापल्या घरी जाणाऱ्या पाखरांसारखी बरोबर शिरायची. नवीन लागलेली मुलं तोंडाचा आ वासून बघत राहायची. रजिस्टर त्यांना म्हणायचा, “होतं हळूहळू.” यापलीकडे त्याला सांगता येत नसे.

घरी तो, बहीण आणि भाची. घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत बहिणीचं शिलाई मशीन. शाळेचे गणवेश शिवून तिनं संसार ओढला. नवरा लवकर गेला, तेव्हा रजिस्टर आपली वळकटी घेऊन ‘चार दिवस’ म्हणून आला आणि कायमचा राहिला. त्याच्या लग्नाचा विषय निघाला की तो म्हणायचा, “माझ्या उंचीचा पलंग मावेल एवढी खोली झाली की बघू.” रात्री त्याचे पाय मशीनखाली जायचे, आणि पायांशी बॉल.

त्या बॉलवर हात टेकून भाची पहिल्यांदा उभी राहिली. उभी राहिली म्हणजे काय, लगेच पळालीच. म्हणून ती भिंगरी. उंचीनं बेतास बात, पण अंगणात सोडली की दिसायची नाही, नुसती झुळूक लागायची. कॉलेजच्या संघात तिनं पहिल्याच वर्षी जागा मिळवली. पळता पळता, वाकड्या अंगानं, दोघींच्या मधून, कुठूनही टाकायची आणि जायचा. रेघेवर मात्र कधी जायचा, कधी नाही.

त्या वर्षी तिच्या कॉलेजच्या सरांनी सांगितलं, की अंतिम सामन्याला निवडीची माणसं येणार आहेत. मोठ्या संघासाठी एक चपळ मुलगी हवी आहे. नाव आलं तर दुसऱ्या शहरात राहण्याची, शिकण्याची, खेळण्याची सगळी सोय. सर असंही म्हणाले, “पण तुझी फ्री थ्रोची खात्री नाही, हे समोरच्यांना कळलं की त्या तुला मुद्दाम धक्के मारतील आणि रेघेवर आणून उभ्या करतील.”

त्या संध्याकाळी भिंगरी जिना तीन तीन पायऱ्या गाळत वर आली. “मामा, मला शिकव.”

“काय?”

“फ्री थ्रो.”

“त्यात काय शिकवायचं? उभं राहायचं, टाकायचं.”

“ते सगळेच करतात रे. तुझा जातोच, माझा कधीमधी जातो. मध्ये काहीतरी आहे.”

“मध्ये हवा आहे,” बहीण मशीनवरून म्हणाली. “आणि भूकही. आधी हातपाय धुवा दोघं.”

रजिस्टरला नाही म्हणता येत नसे. कुणालाच नाही, आणि भाचीला तर मुळीच नाही. आपल्याजवळ असलेली एकुलती एक गोष्ट पोर मागतेय, आणि ती गोष्ट आपण कुठे ठेवलीय हेच आपल्याला माहीत नाही, याची त्याला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर तो एकटाच अंगणात गेला. रेघेवर उभा राहिला आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. टाकायचा आणि बघायचा. बॉल आणून पुन्हा टाकायचा, पुन्हा बघायचा. घरात हरवलेली किल्ली शोधावी तसा तो स्वतःला धुंडाळत होता.

आणि सापडलं. डावा हात बॉलला नुसता सोबतीला असतो, जोर सगळा उजव्याचा. पण अगदी शेवटी, बॉल सुटण्याआधी, डाव्या हाताचा अंगठा अलगद मागे सरतो. पाहुण्याला दारातून वाट द्यावी तसा. हेच! दुसरं काही नाहीच! म्हातारा होत आलेला तो उंच माणूस बॉल काखेत मारून रस्त्यानं लहान पोरासारखा पळत घरी गेला आणि भिंगरीला ओढून परत अंगणात घेऊन आला.

“अंगठा बघ. डावा. बघ, बघ, सरला! दिसला?”

“दिसला!”

भिंगरीनं टाकला. सुप्. आणखी एक. सुप्. ती नाचायला लागली, आणि मामा सुतळीच्या नाड्यांवर पाय पडून धडपडेपर्यंत तिच्याबरोबर नाचला. दोघं घरी आले तेव्हा नेमकी वीज गेली होती. बहीण मेणबत्ती वर धरून म्हणाली, “आमच्याकडे दिवे गेलेत, तुमच्या तोंडावर कुठून आले?”

“अंगठा!” दोघं एकदम म्हणाले.

त्याच आठवड्यात पोस्टाचा सामना वीजमंडळाशी होता. नेहमीचाच, मैत्रीतला. शिट्टी वाजली, रजिस्टर रेघेवर आला. उजवा तळवा पुसला, डावा पुसला. पुसता पुसता त्याला तो दिसला. अंगठा. नुसता बोटांच्या टोकाला बसलेला, इतकी वर्षं कधी ओळख न दिलेला. आता सरायचा हं, तो त्याला मनात म्हणाला.

टण्.

बॉल कड्यावर आपटून शेडकडे गेला. सायकलीचं कुलूप काढणाऱ्यानं मान वर केली. मग शिक्केवाला ओरडला, “रजिस्टर, पत्ता अपुरा होता का?” हशा पिकला. रजिस्टरही हसला. दुसरा टाकला. टण्. “बिनतिकिटाचं, बॅरंग झालं!” वीजमंडळवाले म्हणाले. पुढच्या खेपेला हसणारे कमी होते. त्याच्या पुढच्या खेपेला कुणीच नव्हतं.

नाटकात काम केलेल्या कुणालाही विचारा, हा प्रकार त्याला ठाऊक असतो. वर्षानुवर्षं बिनचूक आलेलं वाक्य. झोपेतून उठवलं तरी म्हणाल असं. आणि एका संध्याकाळी, समोरचा बोलत असताना, मनात येतं: आता माझं ते वाक्य. झालं. वाक्य येतं आपल्या पायांनी. त्याला हाक मारली की ते दारातच थबकतं. मग नट तिथेच उभा राहतो, हात अर्धा उचललेला, तोंडाला रंग फासलेला, आणि समोर कुणीतरी खोकतं. पण नटाच्या पाठीशी निदान विंगेत प्रॉम्प्टर असतो. अंगठ्याचं वाक्य कोण सांगणार?

रजिस्टरचं गेलं त्याचं त्याला एवढं वाटलं नाही. “गुडघा दुखतो,” म्हणून तो संघातून बाहेर पडला. गुडघा बिचारा ठणठणीत होता. त्याच्या काळजात चर्र झालं ते कॉलेजच्या मैदानाच्या कुंपणाबाहेरून भिंगरीला पाहिलं तेव्हा. तिनं दोन टप्पे घेतले. थांबली. तिसरा घेतला. मग बॉलवरच्या आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, आणि टाकला. कड्यालाही लागला नाही. आधी तिचे काही तरी जायचे. आता एकही जात नव्हता.

मग मामानं आपली चूक निस्तरायला घेतली.

“अंगठा विसर,” तो जेवताना म्हणाला.

“विसरले.”

“नक्की?”

“नक्की विसरले होते. आता तू विचारलंस.”

त्यानं तिच्या अंगठ्याला पट्टी बांधून पाहिली, म्हणजे तो मध्ये येणार नाही. पट्टीतला अंगठा दुखऱ्या दातासारखा झाला. जीभ जशी दाताकडे जाते, तसं मन सारखं तिकडेच. मग त्यानं तिला टाकताना गाणं गुणगुणायला सांगितलं. ती गुणगुणली. गाणं बेसूर झालं, बॉल वाकडा गेला. मग डोळे मिटून. मग पाय बदलून. मग उजव्या अंगठ्याचा विचार कर, म्हणजे डावा सुटेल. त्यावर बहीण उठून उभीच राहिली.

“दादा, पोरीला अजून आठ बोटं शिल्लक आहेत. तीही बिघडवणार आहेस का?”

“मी बिघडवतोय? मी नीट करतोय!”

“तेच म्हणतेय मी. तू नीट करणं थांबव.”

 थोड्या वेळानं मशीनची टकटक पुन्हा सुरू झाली. तो बघत राहिला. बहिणीचे पाय खाली पायडल मारत होते, हात वर कापड सरकवत होते, आणि ती खिडकीबाहेर बघून शेजारणीला काहीतरी सांगत होती.

“तुला कळतं कसं गं,” त्यानं विचारलं, “की कोपरा आला, आता पाय थांबवायचा?”

“त्यात काय कळायचंय? कोपरा आला की...” ती बोलता बोलता खाली बघायला लागली. पाय अडखळला. सुई कडकन मोडली. गणवेशाच्या कॉलरवर टीप साप गेल्यासारखी वाकडी गेलेली. तिनं मोडकी सुई हातात धरून भावाकडे अशी नजर टाकली, की तो जिना उतरून खाली गेला आणि घड्याळजीच्या बाकावर बसून राहिला.

कामावर वेगळंच सुरू झालं. एका सकाळी पत्र भिरकावताना त्याचा हात हवेतच थांबला. खाना कुठला? डावीकडून वरचा की त्याच्या खालचा? त्यानं मान वर करून खान्यांवरची नावं वाचली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नवीन मुलं करतात तसं, पत्ता वाचायचा, खाना शोधायचा, पत्र ठेवायचं. चवड संपेना. शिक्केवाल्यानं लांबून पाहिलं. त्याच्या तोंडात काहीतरी खोचक होतं, ते त्यानं गिळलं आणि स्वतःचा शिक्का बाजूला ठेवून अर्धी चवड उचलून घेतली.

“बघून टाकायला लागलास?” त्यानं हळूच विचारलं.

“चष्मा बदलायला झालाय.”

“हं. होऊ दे चष्मा.”

अंतिम सामन्याच्या आधी एके दिवशी कॉलेजचे सर पोस्टात आले. तिकिटं घेतली, आणि ती न चिकटवता तशीच हातात धरून मागच्या अंगणात रजिस्टरला गाठलं.

“मामा, पळताना ती अजून कुठूनही टाकते. जातो. कारण तिथे विचार करायला वेळच नसतो. रेघेवर वेळ मिळतो, आणि तिथे तिला कुणी अडवत नाही. मग ती स्वतःच स्वतःला अडवते.”

“मग काय करायचं सर?”

“जे हाताला येत असतं ते डोक्यानं हातात घेऊ नये, एवढं मला समजतं. पण एकदा घेतलं की परत कसं द्यायचं...” सरांनी हातातल्या तिकिटांकडे पाहिलं. “मला माहीत असतं तर मी तुम्हाला विचारायला आलो असतो का?”

दोघं त्या फळीकडे बघत उभे राहिले. विचारायला आणखी कुणी उरलं नव्हतं.

सामन्याच्या सकाळी भिंगरी निघाली. मामा जिन्यापर्यंत गेला. ती खालच्या पायरीवर थांबली, बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

“मामा, रागवू नकोस.”

“मी कधी रागावतो?”

“तू आज येऊ नकोस.”

खाली घड्याळजीच्या दुकानात कुठलंसं घड्याळ भलत्याच वेळेला वाजायला लागलं. ते थांबेपर्यंत दोघं थांबले.

“तू दिसलास की मला तो दिसतो. तुझा चेहरा म्हणजे आता... मला नाही नीट सांगता येत.”

“कळलं मला. नाही येत. आज तसंही टपाल फार आहे.”

“शप्पथ?”

“शप्पथ.”

ती वळली. कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथून पळत परत आली, मामाच्या पोटात डोकं खुपसलं आणि पुन्हा पळाली. पळतानाची भिंगरी. तिच्याकडे बघितलं असतं तर कुणालाही वाटलं असतं, या मुलीला कशाची भीती नाही.

टपाल फार नव्हतं. संध्याकाळी शिक्केवाल्यानं त्याच्या हातातली पत्रं काढून घेतली आणि म्हणाला, “जा लेका. दिसू नकोस म्हणाली ना? ऐकू नकोस असं तर नाही म्हणाली.”

खेळाच्या त्या मोठ्या हॉलच्या मागे एक बोळ होता. तिथे खराटे, फरशी पुसायच्या बादल्या, पाण्याचं पिंप, आणि हॉलमध्ये उघडणारं एक दार, ज्याच्या काचेवर पांढरा रंग फासलेला. रजिस्टर तिथे जाऊन उभा राहिला. विंगेत उभं राहावं तसा. पलीकडे लखलखाट, इकडे बादल्यांचा ओलसर वास. त्याला दिसत काहीच नव्हतं, पण इतक्या वर्षांच्या कानांना सगळं कळत होतं. हे बुटांचं करकरणं वळणाचं, हा आवाज पासचा, आणि ही जी टपटप इतकी जलद येते की दोन टप्प्यांच्या मध्ये हवा मावत नाही, ती भिंगरी. ती टपटप आली की मागून आरोळी उठायची. आरोळी उठली की रजिस्टर पिंपावर थाप मारायचा आणि मग स्वतःच दचकून हात आवरायचा. पोर काय खेळत होती! निवडीची माणसं काही आंधळी नव्हती.

शेवटाकडे आरोळ्यांची धार वाढली. कुणीतरी ओरडलं, एकच गुण मागे, एकच! टपटप आली, दारासमोरून गेली, आणि मग धाडकन अंग पडल्याचा आवाज. शिट्टी.

त्याला कळलं. मुद्दाम पाडलं होतं. सर म्हणाले होते तस्संच.

हॉल हळूहळू शांत होत गेला. पाऊस थांबताना पत्र्यावरचे शेवटचे थेंब वेगवेगळे ऐकू यावेत, तशी शेवटची ओरडणारी माणसं एकेक करून गप्प झाली. दोन फ्री थ्रो. एक गेला तर बरोबरी, दोन्ही गेले तर जीत.  दार ढकललं तर उघडणार होतं. त्यानं कडीवर हात ठेवला आणि काढला. आत जाऊन तरी काय करणार होता? दिसणार होता. तेवढंच.

टप्. टप्.

टाक, तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. आत्ता टाक, पोरी, मागे वळून बघू नकोस.

टप्.

तिसरा टप्पा पडला आणि रजिस्टरनं डोळे मिटले. त्याला आता ती भिंतीआडूनही दिसत होती. मान जराशी खाली, नजर डाव्या हाताकडे. तिच्या डोक्यात त्या क्षणी काय चाललं होतं, ते त्या भरलेल्या हॉलमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. बाहेर, बादल्यांपाशी उभ्या असलेल्या एकाच माणसाला शब्दन् शब्द ठाऊक होता. ते शब्द त्याचेच होते. अंगठा बघ. डावा. बघ, बघ.

टण्.

हजार माणसांचा उसासा दाराखालच्या फटीतून आला.

अजून एक होता. रजिस्टर वळला, भिंतीकडे तोंड केलं आणि त्यानं स्वतःचे हात वर धरले. रिकामे. उजवा तळवा पँटला पुसला, डावा पुसला. तिच्याऐवजी आपण टाकावा, इथून, भिंतीपलीकडून, असं काहीतरी त्या भाबड्या माणसाच्या मनात होतं. त्यानं फुंकर मारली आणि त्याचं लक्ष गेलं, की हवेत, बॉल नसताना, तोही आपला अंगठाच बघतोय. त्यानं हात खाली घेतले.

आत टप्पे सुरूच होते. टप्. टप्. टप्. टप्. मग मोठी शांतता.

टण्. आणि फळीवर. आणि जमिनीवर. मग भलत्याच बाजूनं आरोळी उठली.

बोळाचं दार उघडलं तेव्हा बरीच माणसं निघून गेली होती. आधी बहीण आली. तिनं भावाला पाहिलं आणि पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. मागून सर आले. ते भिंतीकडे बघून म्हणाले, “खेळ आवडला त्यांना. खूप आवडला. पण... दुसरीचं नाव घेतलं. पुढच्या वर्षी बघू म्हणाले.” आणि बादलीला धडकून, कुणाची तरी माफी मागत निघून गेले.

भिंगरी सर्वांत शेवटी आली. चालत. ती चालते कशी हे मामानं नीट असं पहिल्यांदाच पाहिलं.

“तू शप्पथ घेतली होतीस.”

“दिसलो नाही ना?”

“नाही.”

“मग.”

ती त्याच्या शेजारी पिंपाला टेकली. बहीण बॅग उचलून पुढे झाली, “मी बस बघते,” म्हणाली आणि बसच्या आधी दोन-चार वेळा नाक शिंकरलं. बोळातल्या एकुलत्या दिव्याखाली भिंगरीनं डावा हात समोर धरला. बोटं पसरली, मिटली, पुन्हा पसरली. कुणाचा तरी हरवलेला, सापडलेला आणि परत कुठे द्यावा ते न कळणारा हात असावा तसा ती तो उलटसुलट करून बघत होती.

“मामा,” ती म्हणाली. रडत नव्हती. खरोखरच विचारत होती, कारण या जगात याबाबतीत विचारायचं तर त्यालाच. “तुला ऐकू आलं असेल. पहिल्याला अंगठा उशिरा सरला, की दुसऱ्याला लवकर?”

रजिस्टरनं आयुष्यात कधी सोंग केलं नव्हतं. लहानपणी शाळेच्या नाटकात त्याला झाड केलं होतं, तर झाड हसलं होतं. आता तो उंच माणूस वाकला, तिच्या पसरलेल्या हाताकडे, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि जमेल तितका कोरा चेहरा करून म्हणाला,

“कसला अंगठा?”